इनामदारसाहेबांची दहा मिनिटं

आमच्या कॉलेजातल्या कुणाही शिक्षकाला संशोधनासाठी बाहेरून अनुदान मागायचं असलं, की त्याचा प्रस्ताव आधी तळमजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीत जायचा. जायचा म्हणजे अडकायचा. तिथे रशीद इनामदार नावाचे सेक्शन ऑफिसर बसत. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि जन्मात त्यांनी एकही शोधनिबंध लिहिला नव्हता. तरी ते तो प्रस्ताव पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत आणि मग प्रस्ताव लिहिणाऱ्याला बोलावून घेत. "बैठिए. दस मिनट में समझाइए, आप करने क्या वाले हैं." एवढं बोलून चष्मा काढून टेबलावर ठेवत. चष्मा घालून वाचायचं असतं आणि काढून ऐकायचं असतं, असा त्यांचा हिशेब होता. मोठमोठे प्राध्यापक त्या चष्मा नसलेल्या डोळ्यांसमोर चाचरायला लागत.

ही त्यांची मनमानी नव्हती. कॉलेजचं तसं लेखी धोरण होतं. फक्त ते धोरण त्यांनीच लिहिलं होतं. झालं असं की कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि 'संशोधन प्रस्तावांबाबतचे धोरण' अशा नावाचा कागद फाइलीत असलाच पाहिजे, असा वरून निरोप आला. इतर कॉलेजांनी एकमेकांचा कागद उचलला. आमचे प्राचार्यही म्हणाले होते, "कहीं से ले लो, इनामदारजी." इनामदारजींनी दोन महिने घेतले आणि नऊ पानं स्वतः लिहिली. त्यातल्या बहुतेक कलमांचा कुणाला त्रास नव्हता. प्रस्ताव तीन आठवडे आधी द्या, सह्या या क्रमाने घ्या, असलं सगळं. चौथं कलम असं होतं की मुख्य संशोधक म्हणून नाव फक्त कायम नेमणुकीच्या शिक्षकाचंच असावं. आणि सातवं कलम सगळ्या दिल्लीत फक्त आमच्याकडेच असणार. त्यात म्हटलं होतं की प्रस्ताव पाठवण्याआधी तो विषयाबाहेरच्या एका व्यक्तीला दहा मिनिटांत तोंडी समजावून सांगावा आणि त्या व्यक्तीने 'समजला' अशी नोंद रजिस्टरमध्ये करावी. ती व्यक्ती कोण, हे धोरणात नव्हतं. बाकी कुणाला दहा मिनिटं नसायची, म्हणून ती व्यक्ती कायम इनामदारसाहेबच असत.

उंच, किंचित वाकलेले, नोव्हेंबर ते मार्च एकच बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. मूळचे सोलापूरचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले ते इथेच राहिले. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि फाइलीत इंग्रजी, अशा तीन खणांत त्यांनी स्वतःला नीट घडी घालून ठेवलं होतं. मुलीचं मराठी मात्र दिल्लीत वाढल्यामुळे विरळ झालेलं. एकदा तिने विचारलं, "अब्बा, चौकस मतलब क्या?" तर म्हणाले, "मतलब तेरा बाप."

ते खरंच होतं. "म्हणजे नक्की काय होतं?" हा त्यांचा प्रश्न. एसी दुरुस्त करायला आलेल्याला तो विचारत, दात काढणाऱ्या डॉक्टरला तोंड उघडं असतानाच विचारत, आणि कुणी सांगितलं की अमक्याचं लग्न मोडलं, तर तिथेही विचारत. त्यात भोचकपणा नसायचा. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं असायचं. आमचं कॉलेज रिज नावाच्या टेकडीवरच्या जंगलाला लागून आहे, हिंदूराव हॉस्पिटलपासून लांब नाही. तिथे रिक्षाने जाताना ते प्रत्येक रिक्षावाल्याला विचारत, "भाई, ये हिंदूराव कौन थे?" आजवर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "अस्पताल है जी." मग मला सांगत, "बघा कुलथेबाई, ग्वाल्हेरहून एक मराठा माणूस इथे येऊन राहिला, आणि आता लोक त्याला इमारत समजतात. आपलंही हेच होणार." आणि हसत सुटत.

भौतिकशास्त्राच्या भाटियासरांची गोष्ट तर कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे. भाटियासरांनी एक झकास प्रस्ताव आणला. छतावरच्या सौर पॅनलवर हवेतल्या मिठाचा थर बसतो आणि वीज कमी होते, तर त्यावर उपाय शोधायचा. इनामदारसाहेबांनी चष्मा काढला आणि ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सर, यह नमक हमारी छत पर आता कहाँ से है?"

"हवा में होता है, इनामदारजी," भाटियासर म्हणाले.

"अच्छा. बिल्कुल होता होगा." आणि चष्मा परत घातला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हा गृहस्थ कॉलेजच्या गच्चीवर चढला, ओल्या रुमालाने पॅनल पुसलं आणि रुमालाचं टोक जिभेला लावून पाहिलं. खाली येऊन भाटियासरांना म्हणाले, "सर, मैंने चखा. मिट्टी है. नमक तो नहीं लगा." भाटियासरांचा चेहरा उतरला. समुद्रकिनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावातल्या मित्राचा प्रस्ताव त्यांनी जसाच्या तसा उचलला होता, आणि दिल्लीला समुद्र नाही ही किरकोळ गोष्ट घाईत लक्षात राहिली नव्हती. गंमत म्हणजे इनामदारसाहेबांना चोरीबिरीत काही रस नव्हता. ते विचारत होते, "सर, पर मिट्टी बहुत है. मिट्टी से कितनी बिजली कम होती होगी?" भाटियासरांनी मग धुळीवर नवीन प्रस्ताव लिहिला आणि तो मंजूर झाला. ही कल्पना मला सकाळी फिरताना सुचली, असं ते आजही सांगतात. इनामदारसाहेब समोर असले तरी सांगायचे, आणि इनामदारसाहेब मन लावून ऐकायचे.

माझी दहा मिनिटं झाली त्याला आता आठ वर्षं झाली. मी समाजशास्त्र शिकवते. तेव्हा माझी नेमणूक तात्पुरती होती, दर चार महिन्यांनी संपायची आणि दर चार महिन्यांनी मी पुन्हा अर्ज करायची. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी जी मुलं-मुली दिल्लीत येऊन राहतात, त्यांच्यावर मला काम करायचं होतं. एकदा, दोनदा, तीनदा नापास झालेली मुलं घरी काय सांगतात, आणि परत का जात नाहीत, हे शोधायचं होतं. प्रस्ताव मी भरपूर जड शब्दांत लिहिला होता. इनामदारसाहेबांनी त्यातली निम्मी विशेषणं पेन्सिलने अलगद खोडली होती. खोलीचं दार बंद झाल्यावर त्यांनी हिंदी बाजूला ठेवलं.

"कुठल्या तुम्ही?"

"नाशिक."

"आम्ही सोलापूर. आता मला सांगा, ही पोरं तुम्हाला खरं का सांगतील?"

"प्रश्नावली आहे ना, साहेब. पान बारा."

"म्हणजे नक्की काय होतं? तुम्ही कागद देणार आणि पोरं कागद भरणार. अहो, कागद भरण्यात ती तरबेज आहेत. तेच तर शिकायला आलीत दिल्लीला!"

मला राग आला. एका क्लार्कने, असं मी मनात म्हटलं, आणि मनात म्हटलं तरी म्हटलंच, समाजशास्त्राच्या माणसाला पद्धत शिकवावी म्हणजे काय! सोमवारी पुन्हा बोलावलं, तर कळलं की रविवारी हे करोलबागेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसले होते. दिवसभराची फी भरून दोन पोरांच्या मधल्या खुर्चीत. "कोणालाही विचारा, कैसा चल रहा है, तर म्हणतात सब बढ़िया. मग एका पोराला मराठीत विचारलं, काल रात्री काय जेवलास? परभणीचा होता. पाऊण तास बोलला. तीन महिने एक वेळ जेवतोय आणि घरी सांगतो की वजन वाढलंय."

मी त्या रात्री प्रश्नावली फाडली आणि सगळा अभ्यास जेवणापासून सुरू होईल असा पुन्हा लिहिला. आज मला कुणी विचारलं की तुम्ही संशोधन कुणाकडून शिकलात, तर मी माझ्या गाइडचं नाव सांगते. तशी पद्धत आहे. पण खरं उत्तर खोली नंबर अकरा हे आहे.

नवा प्रस्ताव वाचून ते इतके खूश झाले की चहा सांगितला. मग चष्मा घालून पहिलं पान उलटलं आणि म्हणाले, "मुख्य संशोधक म्हणून नाव कुणाचं घालायचं?"

"माझं."

"तुम्ही तात्पुरत्या. चौथं कलम."

"साहेब, कल्पना माझी आहे. लिहिलंय मी. तुम्हाला तर माहीत आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण कलमं एका माणसासाठी बदलत नसतात."

त्या कलमामागे एक जुनं दुखणं होतं. पूर्वी एका तात्पुरत्या शिक्षकाच्या नावावर यंत्र मंजूर झालं, आणि ते यंत्र येईपर्यंत शिक्षकाची नेमणूकच संपली. खोकं दोन वर्षं जिन्याखाली तसंच पडून राहिलं आणि त्याबद्दल आलेल्या प्रत्येक पत्राला इनामदारसाहेबांना उत्तर द्यावं लागलं. त्या धसक्यातून चौथं कलम जन्माला आलं. हे मला पुढे समजलं. तेव्हा एवढंच समजलं की माझ्या विभागप्रमुखांचं, मेहरोत्रासरांचं, नाव वर गेलं. मेहरोत्रासर वाईट माणूस नव्हते. ते एकदाही अभ्यासिकेची पायरी चढले नाहीत आणि त्यांनी एकदाही माझ्या कामात लुडबुड केली नाही. दोन वर्षांनी अहवाल छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर ते होते आणि मी आतल्या पानावर, आभाराच्या यादीत, टायपिस्टच्या वर.

यानंतर मी त्या माणसाचं तोंड बघू नये, हे सरळ होतं. पण दिल्लीत दुपारी मराठीत जेवायला मिळणं सोपं नसतं, आणि त्यांच्या डब्यात शेंगाची चटणी असायची. शिवाय मला त्यांच्याबद्दल कुतूहल होतं. प्रत्येक गोष्टीचं मूळ खणून काढणारा हा माणूस स्वतःच्या एका ओळीला प्रश्न का विचारत नाही, हे मला कळेना. म्हणून मी डबा घेऊन अकरा नंबरमध्ये जात राहिले. पुढे कायमही झाले. चौथ्या कलमाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

मग गेल्या वर्षी रेणू आली. रोहतककडची, वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तात्पुरत्या नेमणुकीवरची. तिचा विषय कॉलेजच्या भिंतीपलीकडेच होता. सगळ्या रिजवर विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, माजलाय. त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही असं म्हणतात. रेणूचं म्हणणं होतं की उगवतं, फक्त कुणी वाकून बघत नाही. कोणती देशी रोपं त्या सावलीत तग धरतात आणि कशामुळे, हे तिला शोधायचं होतं.

दहा मिनिटांचा दीड तास झाला. चहा दोनदा आत गेला. पुढच्या रविवारी इनामदारसाहेब तिच्याबरोबर रिजवर गेले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मलाही ओढून नेलं. काटेरी फांद्यांखाली साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस गुडघे टेकून बसला होता, आणि समोर वीतभर उंचीचं, तीन पानांचं रोप.

"पळस आहे हो हा!" ते मला म्हणाले.

"हम तो ढाक कहते हैं, सर," रेणू म्हणाली.

"इसको धूप मिलती नहीं, पानी मिलता नहीं. फिर ज़िंदा कैसे है?"

"वही तो पता करना है, सर. अभी मुझे भी नहीं मालूम."

मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. एरवी रजिस्टरमध्ये ते 'समजला' एवढंच लिहीत. रेणूच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'यांना काय माहीत नाही, ते नीट समजले.'

आणि मग तेच झालं. रेणू तात्पुरती, चौथं कलम. तिच्या विभागातल्या खन्नामॅडम आपलं नाव द्यायला तयार होत्या. प्रस्ताव पाठवायला तीन आठवडे होते आणि इनामदारसाहेबांच्या निवृत्तीला दोन महिने. रेणू स्टाफरूममध्ये मला म्हणाली, "मैम, नाम ऊपर किसी का भी हो, काम तो मैं ही करूँगी ना." अगदी हेच वाक्य आठ वर्षांपूर्वी मी आईला फोनवर मराठीत म्हटलं होतं.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. अनुदान देणाऱ्या संस्थेची नियमावली मी वाचली होती. तिथे 'संस्थेतील शिक्षक' एवढंच लिहिलं होतं, कायम की तात्पुरता याची त्यांना पर्वा नव्हती. म्हणजे रेणूच्या आड येत होतं ते फक्त आमचं चौथं कलम. हे इनामदारसाहेबांना जाऊन सांगावं, असं एका मनाने वाटत होतं. दुसरं मन म्हणत होतं, माझ्या वेळी नाही बदललं, मग हिच्या वेळी का? मला मिळालं नाही ते हिलाही मिळू नये, इतकी साधी आणि इतकी घाणेरडी भावना होती ती. चार दिवस मी अकरा नंबरकडे फिरकले नाही.

पाचव्या दिवशी त्यांनीच बोलावलं. डबा उघडला नव्हता.

"कुलथेबाई, तुमच्या त्या अहवालाचं पुढे काय झालं?"

"काय म्हणजे? छापला."

"नाही. तुमचं काय झालं?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला, आणि मी सांगितलं. कायम जागेच्या मुलाखतीत दोनदा मला विचारलं गेलं, स्वतंत्रपणे कुठला प्रकल्प केलाय? मी अहवाल दाखवला. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाले, हा तर मेहरोत्रांचा. दोन्ही वेळा जागा दुसऱ्याला गेली. आणखी तीन वर्षं दर चार महिन्यांनी अर्ज. त्या तीन वर्षांत मूल होऊ द्यायचं आम्ही पुढे ढकललं, आणि मग ते राहूनच गेलं. हे शेवटचं मला सांगायचं नव्हतं, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

त्यांनी आपला डबा न उघडताच बाजूला सरकवला. मीही डबा तसाच उचलून वर आले.

पुढचे चार दिवस ते रेकॉर्डरूममध्ये होते. धोरण लागू झाल्यापासूनचे सगळे प्रस्ताव एका बाजूला आणि सातव्या कलमाचं रजिस्टर दुसऱ्या बाजूला. प्रस्ताव समजावून सांगायला कोण आलं, ते रजिस्टरमध्ये त्यांच्याच अक्षरात होतं. मुख्य संशोधक म्हणून कुणाचं नाव गेलं, ते प्रस्तावावर होतं. चार ठिकाणी ही दोन नावं वेगळी होती. चौघंही तात्पुरते. मी पहिली. बाकीचे तिघं कधीच कॉलेज सोडून गेलेले. सातव्या कलमाने चौथ्या कलमाची साक्ष काढली होती, आणि दोन्ही कलमं एकाच माणसाची होती.

त्यांनी प्राचार्यांसाठी टिपण लिहिलं. चौथं कलम मी सुचवलं होतं, त्यामागचं कारण अमुक होतं, ते कारण पुरेसं नव्हतं, त्यामुळे खालील चार जणांचं काम दुसऱ्यांच्या नावावर गेलं, सबब हे कलम रद्द करावं आणि तोवर रेणूला खास परवानगी द्यावी. खाली चार नावं, प्रस्तावांसकट. नोकरीचे दोन महिने राहिलेला सरकारी माणूस स्वतःविरुद्ध टिपण लिहितो, हे मी तोवर ऐकलंही नव्हतं.

दोन दिवसांनी ते आमच्या स्टाफरूममध्ये आले. इतक्या वर्षांत या खोलीत ते प्रथमच आले असतील. माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

"प्राचार्य तयार आहेत," ते म्हणाले. "रेणूच्या नावाने पाठवू म्हणतात. कलमही पुढच्या बैठकीत काढतील. फक्त खालची यादी काढा म्हणाले. मेहरोत्रासाहेब आता गव्हर्निंग बॉडीवर आहेत."

"मग?"

"मग तुम्हाला विचारायला आलो. यादीत पहिलं नाव तुमचं आहे. कुठेतरी सरकारी कागदावर राहिलं असतं. बाकीच्या तिघांना विचारायला मला वेळ नाही. पाच दिवस उरलेत."

मला ती यादी हवी होती. कुणी कधीच न उघडणाऱ्या फाइलीत का होईना, पण हवी होती. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर यादी राहील. प्राचार्य सही करणार नाहीत. रेणूचं खन्नामॅडमच्या नावाने जाईल." त्यांनी हे कुठलाही जोर न देता सांगितलं. त्यांना खरंच माझं उत्तर माहीत नव्हतं.

"काढा," मी म्हटलं.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "कुलथेबाई, माझी चूक झाली."

आठ वर्षं मी या वाक्यावरचं उत्तर घोळवून घोळवून धारदार करून ठेवलं होतं. "जेवलात का?" मी विचारलं. ते नाही म्हणाले, आणि आम्ही माझा डबा अर्धा अर्धा खाल्ला.

रेणूचा प्रस्ताव तिच्या नावाने गेला. मंजूर झाला की नाही ते अजून कळायचंय. इनामदारसाहेबांच्या निरोपसमारंभात शाल, समोसे आणि भाषणं झाली. भाटियासर सर्वांत लांब बोलले. चौथं कलम ठरल्याप्रमाणे गेलं. त्याच बैठकीत वेळखाऊ म्हणून सातवंही गेलं, आणि आता ऑनलाइन फॉर्मवर एक चौकोन आहे, त्यात आपणच आपल्यासाठी टिक करायची. इनामदारसाहेबांना मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "टिक केली की नक्की काय होतं?"

निवृत्तीनंतर दीडेक महिन्याने, एका शनिवारी सकाळी, ते मला मेट्रो स्टेशनाच्या पायऱ्यांवर भेटले. मुद्दाम थांबले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत कागद. एक कागद काढून त्यांनी मला दिला. साध्या पांढऱ्या कागदावर, हाताने, मराठीत लिहिलेला. मी रशीद इनामदार, पूर्वी सेक्शन ऑफिसर, लिहून देतो की अमुक विषयावरचा प्रस्ताव श्रीमती कुलथे यांनी मला स्वतः समजावून सांगितला. कल्पना त्यांची, लेखन त्यांचं, काम त्यांचं. मी केलेल्या नियमामुळे त्यावर त्यांचं नाव आलं नाही. हे मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. खाली सही आणि घरचा पत्ता.

"याचा उपयोग काही नाही," ते म्हणाले. "ना शिक्का, ना फाइल नंबर. पण मी होतो ना तिथे."

"बाकीचे?"

"हिंदीत लिहिलेत. एकजण मेरठला क्लास घेते, तिच्याकडे आत्ता निघालोय. एकजण जयपूरला बँकेत लागलाय. तिसऱ्याचा फोन लागत नाही, अलीगढला असावा असं कळलंय. आज ना उद्या सापडेल." मग पिशवी सावरत, "सातव्या कलमाच्या दहा मिनिटांनी पोट भरलं नाही हो माझं. यांचं पुढे काय काय झालं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. शिव्या दिल्या तरी ऐकायच्यात."

ते आत गेले. मी पायऱ्यांवरून बघत होते. तपासणीच्या यंत्रात पिशवी सरकली आणि ते पलीकडे जाऊन उभं राहण्याऐवजी वाकून शिपायाचा पडदा बघायला लागले. शिपाई म्हणाला, "अंकल, आगे चलिए." मागे रांग तुंबली. ते काहीतरी विचारत होते आणि शिपाई वैतागत, मग जरा हसत, बोटाने पडद्यावर काहीतरी दाखवत होता. पिशवी बाहेर आली. त्यांनी तिच्यातले कागद मोजले, पुन्हा आत घातले, छातीशी धरले आणि मेरठच्या दिशेने निघाले.

मी माझा कागद घडी न घालता हातातच धरून कॉलेजपर्यंत चालत गेले. त्यावरचं माझं नाव मी वाटेत तीनदा वाचलं.